सुश्रुत आठवतो, लोहार नाही

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी सुश्रुत येतो. शस्त्रक्रियेचा जनक, 101 यंत्रं, 20 शस्त्रं वगैरे वगैरे. या वेळी त्याला शेपूटही होतं : आज खराडीत परदेशी मेडिकल कंपन्यांची एवढी कामं होतात, म्हणजे परंपरा चालूच आहे ! (नानाकाका, हे तुम्हीच पाठवलंत. तिथे उत्तर दिलं असतं तर दिवाळीपर्यंत अबोला झाला असता, म्हणून इथे लिहितोय.)

परंपरा चालू नाही. अर्धी चालू आहे, आणि त्या अर्धीचाच मला राग येतो.

सुश्रुतसंहितेत शस्त्रांचं वर्णन आहे तसं ती कशी करवून घ्यावीत हेही सांगितलंय : चांगल्या शुद्ध लोखंडाची, आणि कामात मुरलेल्या लोहाराकडून. फॉरवर्डमध्ये वैद्य येतो, यंत्रांची संख्या येते, लोहार मात्र वाटेतच कुठेतरी गळून पडतो. कायमच.

आता खराडीत काय चालतं ते सांगतो, कारण माझं पोट त्याच्यावरच आहे. 1997 साली महापालिकेत यायच्या आधी हे हवेली तालुक्यातलं नदीकाठचं गाव होतं. आज इथे काचेच्या इमारतीत बसून आम्ही शस्त्रक्रियेची हत्यारं करत नाही, हत्यारांच्या फायली करतो. युरोपात 26 मे 2021 पासून वैद्यकीय उपकरणांचा नवा कायदा लागू झाला. त्याआधी साधी कात्री किंवा आर्टरी फोर्सेप्स करणारा कारखानदार 'माझा माल नियमात बसतो' असं स्वतःच लिहून देऊ शकत असे. आता पुन्हा पुन्हा वापरायचं हत्यार असेल तर ते धुवायचं कसं, निर्जंतुक कसं करायचं, निकामी झालंय हे ओळखायचं कसं, हे सगळं बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. जुन्या मालाला 2028 च्या अखेरपर्यंत सवलत आहे, म्हणजे आम्हाला तोवर मरण नाही. एका वीतभर चिमट्यामागे पोलादाचे दाखले, कडकपणाच्या चाचण्या, धोक्यांचा तक्ता, वापराची माहिती... बाड होतं नुसतं. आम्ही ते बाड उत्तम करतो, आणि ते परदेशी जातं.

भोसरीला एका ओळखीच्यांची शेड आहे. ट्रॅफिक नसेल तर खराडीहून तासाच्या आत. (म्हणजे पहाटे.) तिथे आर्टरी होताना बघितली आहे. फोर्जिंग बाहेरून येतं. मग एका पात्याच्या खाचेतून दुसरं पातं आरपार ओवायचं, सांधा ढिलाही नको आणि जडही नको. हे काम कानशीचं आणि हाताचं. मग मुठीजवळचे दाते, मग पाणी देणं, मग टोकं जुळवणं. टोकं उजेडासमोर धरून बघतात, मधून फट दिसली तर पुन्हा कानस. शेवटी पॉलिश, आणि गंज धरू नये म्हणून आम्लात बुडवणं. पॉलिशच्या चाकापाशी बसणाऱ्याच्या भुवयासुद्धा राखाडी झालेल्या असतात. तोंडाला रुमाल, बस्स. छातीत काय जातं ते कोण बघतो ?

हा माल बिनशिक्क्याचा जातो. शिक्का घेणाऱ्याचा. स्वतःच्या नावाने विकायचा तर फाईल हवी, आणि फाईल खराडीत होते, युरोच्या दराने.

असंच जगभर चालतं, म्हणून हे नशीब मानायचं का ? जर्मनीतलं टुटलिंगन हे या धंद्याचं मोठं नाव. पण घडाई पाकिस्तानात सियालकोटला आणि अखेरची सफाई, तपासणी, शिक्का टुटलिंगनला, असाही माल वर्षानुवर्षं बाजारात आहे. 2006 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये महमूद भुट्टा या डॉक्टरांनी सियालकोटच्या कारागिरांची मजुरी, त्यांच्यातली लहान मुलं आणि त्या हत्यारांची युरोपातली किंमत यांवर लेख लिहिला, तेव्हा कुठे ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हातातली कात्री उलटून बघितली.

त्याच सियालकोटची दुसरी गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. (शत्रूचं चांगलं सांगायचं नसतं ना !) 1994 साली अमेरिकेच्या एफडीएने गुणवत्तेच्या कारणावरून त्यांचा माल अडवला. तिथल्या कारखानदारांची संघटना आणि सरकार यांनी मिळून अमेरिकन सल्लागार आणले, छोट्या कारखान्यांना गुणवत्तेची पद्धत आणि कागदपत्रं शिकवली, आणि काही वर्षांत निर्यात पुन्हा उभी राहिली. त्यांना फाईलवाले परदेशातून आणावे लागले. आपले तर खराडीत बसलेत !

आपण काय केलं ? 2020 साली वैद्यकीय उपकरणांसाठी 3,420 कोटींची प्रोत्साहन योजना काढली. तिच्यात कर्करोगाची यंत्रं, स्कॅनिंग, भूल आणि हृदय-श्वसनाची उपकरणं, इम्प्लांट्स. छान. कात्री-चिमटा नाही. वैद्यकीय उपकरणांची सत्तर-ऐंशी टक्के गरज आयातीवर भागते असं आपणच सांगत असतो, पण मोठं यंत्र दिसलं की आपले डोळे दिपतात. त्यावर टेंडरची गंमत. एकीकडे सगळ्यात कमी दर मागायचा, दुसरीकडे अमेरिकेचा नाहीतर युरोपचा शिक्का मागायचा, ही इथल्या उत्पादकांची जुनी तक्रार आहे. दोन्हींतून पार होणारा शेडवाला अजून जन्मायचाय.

'स्वस्त हीच आपली ताकद' असं सांगणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. स्वस्त कशामुळे ? पोलाद स्वस्त नाही, वीज स्वस्त नाही. उरतो तो रुमालवाला.

पुण्याला याची सवय जुनीच दिसते. टिपूशी लढताना पकडला गेलेला कावसजी नावाचा इंग्रजांकडचा बैलगाडीवाला, त्याचं कापलेलं नाक पुण्याजवळ नव्याने बसवलं गेलं. ऑक्टोबर 1794 च्या लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ते चित्रासकट छापून आलं आणि प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात अजूनही येतं. रोग्याचं नाव छापलंय. बघायला गेलेल्या इंग्रज डॉक्टरांची नावं छापली आहेत. नाक बसवणारा ? विटा करणाऱ्या जातीचा एक माणूस. संपलं.

आणि एक. 'सुश्रुत' नावाचा ब्रँडही आपल्याकडे होता, हाडांच्या प्लेटा-स्क्रूंचा. त्याच्या जोडीच्या कंपनीचा कारखाना देवरूखजवळ. 2013 साली स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने दोन्ही घेतलं. धंद्यात असं होतं, त्याबद्दल रडगाणं नाही. पण फॉरवर्डमध्ये हेही घाला.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने या उद्योगासाठी 500 कोटींची आणखी एक योजना जाहीर केली. तिच्यात सामायिक सुविधांना पैसे आहेत. लगेच इमारती, प्रयोगशाळा, फिती कापणं सुरू होईल. माझं म्हणणं असं की त्यातून आधी फाईल करणारी माणसं नेमा. दहा शेडवाल्यांत मिळून एक माणूस, पगार योजनेतून. पॉलिशच्या चाकांवर धूळ ओढणारे पंखे बसवले नाहीत तर त्या शेडला फाईल नाही, ही अटही तिथेच घाला. आणि सरकारी रुग्णालयांनी टेंडरमध्ये फोर्सेप्सचा नुसता दर विचारू नये, ते किती वेळा निर्जंतुक करून वापरता येईल तेही विचारावं आणि भागाकार करून दर लावावा. भागाकार चौथीत शिकवतात.