कार्पेट फेकण्याआधी

जुनी स्पोर्ट्स कार कामाला आली की गॅरेजमध्ये पहिला बळी कार्पेटचा जातो. कुजलेलं कार्पेट ओरबाडून काढायचं, फ्लोअर घासायचा आणि तयार सेट मागवायचा, ही आपल्या धंद्यातली सर्रास रीत. इंजिनचा नंबर आपण भिंगाखाली तपासतो. कार्पेटबरोबर कचऱ्यात गेलेली टिचबटणं मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. ही रीत मोडायला हवी. गाडीचा अंतर्भाग मूळचा कसा होता, याचा भक्कम पुरावा त्या बटणांत आणि त्यांच्या भोकांत असतो.

ब्रिटिश रोडस्टरचंच पाहा. कापडी हूडमधून पाणी आत यायचंच, म्हणून फ्लोअरवरचं कार्पेट उचलून वाळवता यावं लागे. शिवाय ते सरकून पेडलखाली अडकता कामा नये. टिचबटणांनी ही दोन्ही कामं साधली.

कार्पेटचं बटण ओळखायचं ते उलट्या बाजूने. वरच्या कड्याचे दात कार्पेटमधून आरपार जातात आणि खालच्या सॉकेटवर वळवलेले असतात. कडं लवेत दडून जातं. वर चकचकीत टोपी दिसत असेल, तर ते बहुधा हूडसाठीचं बटण नंतर कुणी तरी लावलेलं. ‘लिफ्ट-द-डॉट’ तर वेगळंच. ते तीन बाजूंनी अडकतं आणि ठिपक्याच्या बाजूनेच उघडतं. त्याची नेहमीची जागा हूड आणि टोनो कव्हरवर.

मग फ्लोअरवरची खुंटी पाहा, म्हणजे बटण ज्यावर टिचतं तो स्क्रूने बसवलेला भाग. एमजीए (1955–62) गाडीचा फ्लोअर प्लायवूडचा, एमजीबीचा (1962–80) पत्र्याचा. स्क्रूची जात त्यानुसारच हवी. स्क्रूचं डोकंही बोलतं. पोझिड्राइव्हच्या फुलीत चार बारीक तिरप्या रेघा जास्तीच्या असतात आणि हा प्रकार 1960 च्या दशकात आला. 1957 च्या गाडीत तो सापडला, तर तो स्क्रू मागाहून बसवलेला आहे, यात शंका नको.

भोकाची कड भिंगातून बघा. नंतर मारलेला रंग कडेवरून आत उतरला असेल, तर भोक त्या रंगाच्या आधीचं. ड्रिलने तोच रंग कापून उघडा पत्रा दाखवला असेल, तर ते नंतरचं. लोहचुंबकाने पितळ आणि लोखंड वेगळं कळेल, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. जुन्या कार्पेटच्या पाठीवर उमटलेला गंजाचा गोल डाग भोकाशी जुळतो का, हे ताडून पाहा. दोन-तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हाच ‘मूळचं’ म्हणा.

तयार सेटमधली बटणं वाईट असतात असं नाही. पण सेटच्या सोयीसाठी फ्लोअरला नवी भोकं पाडली आणि जुनी बुजवली, की पुढच्या कारागिराला काहीच शोधता येत नाही. ते नुकसान पैशाने भरून येत नाही.

म्हणून आपल्या वाचक कारागिरांना कळकळीची विनंती आहे. कार्पेट उचलण्याआधी फोटो काढा, भोकांमधली अंतरं मोजून कागदावर उतरवा, प्रत्येक बटण जागेच्या चिठ्ठीसह पिशवीत ठेवा. आणि गाडी परत देताना ती पिशवी मालकाच्या हातात द्या.