पालेभाजी कोणत्या पाण्याची?

जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुका पूर्णेच्या खोऱ्यात असला, तरी मराठवाड्यातील पाणीटंचाई त्यालाही चुकलेली नाही. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तेव्हा अशा प्रदेशात खंड न पडता वाहते ते बहुधा गावाचे सांडपाणीच. त्यावर पालक, मेथी, कोथिंबीर पिकविण्याचा मोह शेतकऱ्यास व्हावा, यात नवल नाही.

आरंभी हे पाणी पिकास मानवतेही. त्यात नत्र, स्फुरद व पालाश असतात. नत्राने पान रुंद होते, हरितद्रव्य वाढते आणि खताचा खर्च वाचतो. परंतु तेच पाणी स्वच्छ पाणी न मिसळता सतत दिले, तर त्यातील क्षार जमिनीत साचतात. सोडियमने काळी जमीन घट्ट होते, निचरा मंदावतो, बी नीट उगवत नाही आणि पानांच्या कडा करपतात.

खाणाऱ्याच्या दृष्टीने धोका दोन प्रकारचा आहे. घरगुती सांडपाण्यातील रोगजंतू व जंतांची अंडी जमिनीलगतच्या पानांस चिकटतात. कारखान्यांचे पाणी मिसळले असेल, तर शिसे व कॅडमियम यांसारखे जड धातूही येतात. शिसे बहुतांशी मुळांत अडते. कॅडमियम मात्र मुळांतून पानांत सहज चढते आणि पालक ते विशेष साठवितो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाने पालेभाजीत प्रतिकिलो कॅडमियमसाठी ०.२ व शिशासाठी ०.३ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे.

पाणी गाळून वापरण्याचा संस्कार जैन घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. पण विरघळलेला धातू गाळण्याने अडत नाही आणि पानात शिरलेला धातू धुण्याने वा शिजविण्याने जात नाही. रोगजंतूंवर मात्र उपाय आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पाण्यावर प्रक्रिया करणे, ठिबक सिंचन, काढणीपूर्वी काही दिवस असे पाणी बंद ठेवणे, भाजी स्वच्छ धुणे व शिजविणे, असे एकामागून एक अडसर सुचविले आहेत. कोथिंबीर कच्चीच खाल्ली जाते, म्हणून तिच्याबाबत अधिक दक्षता हवी.

धान्य मुठीत घेऊन त्याची प्रत सांगणे व्यापारी घरांत लहानपणीच अंगवळणी पडते. पालेभाजीची पारख मात्र डोळ्यांनी होत नाही. सर्वांत टवटवीत जुडी सर्वांत शुद्ध असेलच असे नाही. तेव्हा भाजी घेताना भावाआधी ‘कोणत्या पाण्याची?’ असे विचारावे. विहिरीच्या पाण्यावर भाजी पिकविणाऱ्यास दोन रुपये अधिक द्यावे लागले, तरी ते आनंदाने द्यावेत. शुद्ध मालास योग्य भाव मिळाला, तरच शेतकऱ्यास स्वच्छ पाण्याचा मार्ग परवडेल.