घरकुलाच्या यादीतील ‘बाहेरचे’

घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे वाचली जाऊ लागली की यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळ गावांत एक तक्रार हटकून ऐकू येते, आणि ती अशी की, ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या या शिवारात राबल्या त्यांची नावे तळाशी राहतात आणि काल-परवा पोटामागे येऊन गावठाणाच्या कडेला पाल ठोकणाऱ्यांची नावे मात्र वर सरकतात. ही तक्रार करणारा मनुष्य बहुधा स्वतःच कुडाच्या भिंतीआड, गळक्या छपराखाली वर्षानुवर्षे मंजुरीची वाट पाहत असतो, म्हणून तिची हेटाळणी करण्याचा अधिकार पक्क्या घरात राहणाऱ्या कोणालाही नाही. परंतु दुःख खरे असले म्हणजे त्याचे निदानही खरेच असते असे नाही, आणि हे निदान वेळीच तपासले नाही तर दोन निराधार कुटुंबे एकमेकांची वैरी होतील व या प्रतीक्षेचा जाब ज्यांनी द्यावयाचा ते मोकळे सुटतील.

यादी लांबते ती कशामुळे, हे आधी पाहिले पाहिजे. इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली तेव्हा पात्रतेला आधार २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीचा धरण्यात आला; तीतून सुटलेल्यांच्या नोंदी २०१८ पासून घेण्यात आल्या, त्याच गावोगाव ‘प्रपत्र ड’ म्हणून ओळखल्या जातात; आणि त्यानंतरची पाहणी निघाली ती २०२४ मध्ये, म्हणजे मधल्या काळात ज्यांचे लग्न झाले, वाटणी झाली, चूल वेगळी झाली, त्यांना सरकारी दप्तरात बेघर म्हणूनही स्थान नव्हते. नाव लागले तरी सपाट प्रदेशात मिळणारे १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने येतात, आणि वाळू, विटा, सिमेंट व मिस्त्रीची मजुरी यांचे भाव हप्त्यासाठी थांबत नाहीत. भूमिहीनाची गत तर याहून बिकट, कारण त्याला घर मंजूर होते पण ते बांधावयाला जागा नसते. जागा-खरेदीस साहाय्य देणारी योजना आहे, २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याची तजवीजही आहे, परंतु दरखास्त ग्रामपंचायतीतून तहसिलीत आणि तहसिलीतून भूमी अभिलेखाच्या कार्यालयात फिरत राहते. फेब्रुवारी २०२४ मध्ये इतर मागासवर्गीयांसाठीच्या ज्या घरकुल योजनेचा प्रारंभ यवतमाळ येथेच पंतप्रधानांच्या हस्ते झाला, तिचे तीन वर्षांचे उद्दिष्ट १० लाख घरांचे होते. एका राज्यातील एकाच प्रवर्गासाठी एवढी घरे हवीत, ही तूट पाल ठोकून राहणाऱ्या परक्याने निर्माण केलेली नाही.

आणि या जिल्ह्यात परका म्हणावे तरी कोणाला? पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील तांडे ज्या बंजारा समाजाचे, तो एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर फिरत असे. त्याच समाजातील, पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत या राज्याचे मुख्यमंत्री होते. केळापूर आणि झरी जामणी या तालुक्यांतील पोडांवर राहणाऱ्या कोलामांचे भाऊबंद आदिलाबादकडे आहेत, कारण राज्याची सीमा नंतर आली आणि त्यांची वस्ती आधीपासून होती. पारध्यांच्या बेड्याची कहाणी याहून कठोर आहे: १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला आणि ज्यांना कोणत्याही गावाने वेशीच्या आत सुखाने नांदू दिले नाही, त्यांच्यापाशी, तो कायदा १९५२ मध्ये रद्दबातल झाल्यानंतरही, आपण जुन्या रहिवासाचा कागद मागतो. ज्याला राहूच दिले नाही त्याने राहिल्याचा पुरावा कोठून आणावा?

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी याच जिल्ह्यातून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, आणि कितीएक तरुण पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर राबतात; तेथील लोकांनी त्यांना ‘बाहेरचे’ म्हणून दाराबाहेर ठेवले तर ते आपल्याला अन्यायाचे वाटेल, आणि वाटलेच पाहिजे. मुंबईच्या पदपथवासीयांच्या ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, त्यातील अर्जदारांत अहमदनगर जिल्ह्यातून आलेला इसम होता आणि तमिळनाडूतील सालेमहून आलेला भूमिहीन मजूरही होता. पोट दोघांनाही सारखेच होते.

याचा अर्थ रहिवासाची कोणतीच अट नसावी असा नव्हे. एकाच कुटुंबाने दोन गावांत लाभ घेऊ नये, आणि केवळ अनुदानापुरता मुक्काम दाखविणाऱ्याला ते मिळू नये, ही गावकऱ्यांची मागणी सर्वथा रास्त आहे. परंतु घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने जन्मस्थानावरून भेद करण्यास राज्याला मनाई केली आहे आणि १९ व्या अनुच्छेदाने देशात कोठेही वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला दिले आहे. तेव्हा अट घालावयाची ती प्रत्यक्ष वास्तव्याची, माफक मुदतीची आणि पंचनाम्याने सिद्ध होणारी असावी, वंशावळीची नसावी.

इंग्लंडमध्येही सार्वजनिक घरांच्या प्रतीक्षायादीत आज १३ लाखांच्या आसपास कुटुंबे आहेत आणि तेथेही बोट प्रथम परदेशातून आलेल्यांकडे दाखविले जाते. परंतु १९८० च्या कायद्याने नगरपालिकांची लाखो घरे भाडेकरूंना सवलतीत विकली गेली व त्यांच्या जागी तेवढी नवी बांधली गेली नाहीत, ही गोष्ट त्या वादात मागे पडते. घरे कमी पडली की माणसे जास्त वाटू लागतात, हा अनुभव त्या संपन्न देशालाही चुकला नाही.

म्हणून यवतमाळच्या ग्रामसभांनी मागणी करावी ती अशी. प्रत्येक नावापुढे त्याचा क्रम कोणत्या कारणाने लागला आणि वगळलेल्या नावापुढे ते का वगळले, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले जावे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून त्याचा हक्क बुडवू नये, आणि यादीचा निर्णय २६ जानेवारीच्या सभेत, टोळ्या फडात असताना, न घेता १ मेच्या सभेत, माणसे परतल्यावर, घ्यावा. पारध्यांच्या बेड्यावर महसूल खात्याने स्वतः जाऊन जागेवर पंचनामा करावा व तोच रहिवासाचा पुरावा मानावा. आणि गावठाण-विस्ताराची जागा मोजून दिल्याशिवाय भूमिहीनांच्या मंजुऱ्यांचे आकडे शासनाने यश म्हणून सांगू नयेत. या चार गोष्टी झाल्या तर यादी वेगाने पुढे सरकेल आणि जुन्या रहिवाशालाही घर लवकर मिळेल. एका बेघराचे नाव खोडून दुसऱ्याचे वर चढविण्याने मात्र गावातील बेघरांची संख्या एकानेही कमी होणार नाही.