समुद्र असून काय?

सदर : नकाशा आणि माणसं
आखाडा बाळापूर

मागासलेपणाचा विषय निघाला की आपल्याकडं एक उत्तर तयार असतं. आपल्याला समुद्र नाही. समुद्र नाही म्हणून बंदर नाही, बंदर नाही म्हणून कारखाने नाहीत, आणि म्हणून पोरं नांदेड-पनवेल एक्स्प्रेसला बसतात. मोंढ्यात हळदीच्या पोत्यावर बसून हे ऐकायला बरं वाटतं, कारण यात कुणाचाच दोष निघत नाही. सगळा दोष भूगोलाचा.

हे पटायच्या आधी जनगणनेचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाखांवरून २६ लाख ३४ हजारांवर गेली. त्याच काळात आपला हिंगोली जिल्हा पावणेदहा लाखांच्या थोडा पुढं होता, तो पावणेबारा लाखांच्याही वर पोचला. दोन्हीकडची वाढ जवळपास सारखी, १९ टक्क्यांच्या आसपास. आकडे जुने आहेत, पण त्यानंतरची जनगणना अजून व्हायचीच आहे. टक्केवारीनं अरबी समुद्र आणि आपली कयाधू नदी एकाच पातळीला आणून ठेवली म्हणायची.

अर्थात वाढीची जात वेगळी. आपल्याकडची वाढ मुख्यतः पाळण्यातली. तिकडं माणसं सामान घेऊन उतरतात, आणि त्यांत आपलीही असतात. पण तिकडं म्हणजे नेमकं कुठं? रायगडात तालुके पंधरा, किनारा सुमारे २४० किलोमीटरचा. त्या दहा वर्षांत जिल्ह्यात जी सव्वाचार लाख माणसं वाढली, त्यांतली सव्वातीन लाख एकट्या पनवेल तालुक्यात वाढली. उरलेल्या चौदा तालुक्यांच्या वाट्याला लाखभर. श्रीवर्धन आणि म्हसळा तर होते तिथंच राहिले, आणि श्रीवर्धनला समुद्र अगदी दारात आहे. आणखी खाली गेलात तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. दोन्ही जिल्ह्यांना किनारा भरपूर, आणि त्या दशकात दोन्हींची लोकसंख्या चक्क घटली. तिथली तरणी माणसं मुंबईला, घरात म्हातारी माणसं आणि गणपतीला उघडणारी कुलपं. समुद्रानं माणसं आणली असती, तर देवगड-मालवणात आज उभं राहायला जागा मिळाली नसती.

मग पनवेलच का? थोडा इतिहास लागतो. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, झाला. पनवेल तेव्हा त्यात नव्हतं. ते ठाण्यात होतं, १८८३ मध्ये इकडं आलं. म्हणजे ज्या तालुक्यानं पुढं सगळ्या जिल्ह्याचा आकडा फुगवला, तो एका सरकारी हुकमानं जिल्ह्यात आला होता. जिल्ह्याच्या रेघा अशाच बदलतात. आपण नाही का, १ मे १९९९च्या आदल्या रात्री परभणीकर म्हणून झोपलो आणि सकाळी हिंगोलीकर म्हणून उठलो! कुलाब्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, तेव्हा मुख्यमंत्री होते अंतुले. त्यांचं आंबेत गाव म्हसळा तालुक्यातलं. गावचा माणूस मुख्यमंत्री झाला तरी म्हसळ्याचं पनवेल झालं नाही, हे आमदारांच्या मागं फिरणाऱ्यांनी एकदा मनावर घ्यावं.

पनवेलच्या बाजूनं भूगोल होता, तो एवढाच की खाडीच्या पलीकडं मुंबई होती. मुंबई तेव्हा उत्तरेकडंच लांबत चालली होती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलं की शहर पूर्वेला, खाडीपार न्यावं. १९७० मध्ये हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे-कुलाब्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. पुढं पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून निघाला, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्‌घाटन झालं. त्या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. आता सांगा, यात समुद्राची करामत किती आणि सरकारी ठरावाची किती? जिथं डोंगर आडवा आला तिथं डोंगरच काढला. आपल्याकडं मात्र भूगोल म्हणजे विधिलिखित.

या वाढीची किंमत कुणी दिली, हे पुलाच्या जाहिरातीत दिसत नाही. भातशेती, मिठागरं आणि मासेमारी हे तिथल्या आगरी-कोळ्यांचं जगणं होतं, आणि सिडकोला जमीन हवी होती ती नेमकी तीच. ही माणसं मुकाट बसणाऱ्यांतली नव्हती. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं कुळांनी खोतांची शेती कसलीच नव्हती. त्याच जिल्ह्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासई आणि नवघर परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यानंतर कुठं साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. पैसे घेऊन बाजूला व्हा, एवढ्यावर लोक थांबले नाहीत. आमच्या जमिनीवर जे शहर उभं राहील त्यात आमचा हिस्सा ठेवा, ही मागणी त्यांनी लावून धरली. तीही पुरी कुठं झाली? भूखंड मिळायला अनेकांची उमर गेली, कित्येकांनी हातात पडण्याआधीच तो बिल्डरला विकला. तरी माझ्या लेखी रायगडाच्या इतिहासातलं आपल्या उपयोगाचं पान किल्ल्यांचं नाही, हे आहे.

कारण आता रेघ आपल्याकडं येते आहे. पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्ग, मूळ आखणीत ८०२ किलोमीटर, आणि त्या आखणीत हिंगोली जिल्हा आहे. विरोध झाला, होतो आहे, आणि बारमाही पाण्याचं रान असलेल्यानं विरोध करू नये असं कोण म्हणेल? पण गंमत बघा, हा रस्ता आपल्या हळदीच्या रानातून निघून पोचणार कुठं, तर सिंधुदुर्गात. समुद्र असूनही माणसं कमी झालेल्या त्याच जिल्ह्यात. रस्ता जातो म्हणून गाव वाढतं, हे सांगायला येणाऱ्या साहेबांना एवढं विचारायला हरकत नाही की वाढेल ते कुठलं, मधलं गाव की इंटरचेंजचं तोंड?

आणि जमीन जाणारच असं ज्यांना वाटतं, त्यांनी मोबदल्याच्या बैठकीत एकराचा भाव विचारावाच. तो सगळेच विचारतात. त्याशिवाय इंटरचेंजच्या भोवती गोदामं, पंप, हॉटेलं उभी राहतील त्या विकसित जमिनीत मूळ मालकाचा वाटा किती, हे लेखी मागावं. आणि ते मोजणीचा दगड रोवायच्या आधी मागावं. सिडको १९७० मध्ये आली आणि जासईला गोळ्या चालल्या १९८४ मध्ये. मध्ये चौदा वर्षं गेली.