तबकड्यांचा विमा

बँकेत तीस वर्षे मी कर्जदारांच्या गोदामातला माल मोजला. विमा अपुरा दिसला की हात आखडता घेतला. घरातला अॅम्प्लिफायर, स्पीकर आणि वडिलांच्या तबकड्या यांची साधी यादी मात्र कधी केली नाही. वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली, तेव्हा डोळे उघडले.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी मिळते. तिच्यात इमारतीचा विमा उतरवला की सामानालाही आपोआप संरक्षण मिळते : इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये. आग, पूर, फुटलेली टाकी त्यात येते. शॉर्टसर्किटने यंत्र स्वतःच जळाले, तर ते येत नाही. निव्वळ घरफोडीसाठीही वेगळा विमा घ्यावा लागतो.

भरपाई मागायची तर पावती हवी, फोटो हवा, मॉडेलचा क्रमांक हवा. माझ्याजवळ होत्या फक्त आठवणी! स्पीकर नवा आणता येईल; पण तबकडीच्या पाकिटावरचे, पाण्याने पुसलेले वडिलांचे हस्ताक्षर कुठून आणणार? त्याला विमा नाही. ज्याला आहे, त्याची यादी तरी वाचकहो, आजच्या रविवारी करून टाका.