धावपट्टी आमची, विमान कोणाचे?

बिदरच्या बहामनी किल्ल्यावरून हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' पथकाची नऊ विमाने पंखाला पंख लावून जाऊ लागली म्हणजे शेतात राबणारा माणूसही क्षणभर हातातले काम थांबवून वर पाहतो. १९९६ साली बिदरच्याच तळावर जन्मलेले हे पथक कोणाही भारतीयाने अभिमान बाळगावा असेच आहे. परंतु या अभिमानाच्या पाठोपाठ एक बोचरा प्रश्न उभा राहतो. आमचे वैमानिक ज्या 'हॉक' विमानांतून हे कौशल्य दाखवितात, त्यांचा आराखडा ब्रिटिशांचा आहे. २००४ सालच्या करारातील ६६ विमानांपैकी २४ इंग्लंडहून तयार होऊन आली आणि उरलेली ४२ बंगळुरात परवान्याने बांधली गेली. नागरी वाहतुकीची कथा याहून वेगळी नाही. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी कलबुर्गीचा विमानतळ सुरू झाला. ७ फेब्रुवारी २०२० रोजी बिदरहून प्रवासी सेवा सुरू झाली. समारंभ झाले, भाषणे झाली. मात्र या धावपट्ट्यांवर उतरलेली विमाने फ्रान्स-इटलीची एटीआर किंवा ब्राझीलची एम्ब्राएर होती. धावपट्टी आमची, प्रवासी आमचे, वैमानिकही आमचे. विमान तेवढे परक्याचे!

या पार्श्वभूमीवर उत्तरेकडील शेजाऱ्याकडे पाहणे उद्‌बोधक ठरेल. चीनचे 'वाय-१०' हे प्रवासी विमान सप्टेंबर १९८० मध्ये प्रथम उडाले आणि काही वर्षांतच तो प्रकल्प गुंडाळला गेला. चीन मात्र हात जोडून बसला नाही. शांघायात अमेरिकी 'एमडी-८२' विमानांची जुळणी करून त्याच्या कारागिरांनी हात तयार केला. २००२ साली हाती घेतलेले 'एआरजे-२१' हे लहान जेट २००८ मध्ये उडाले, पण प्रवाशांना घेऊन जाण्यास त्याला २०१६ साल उजाडावे लागले. आता 'सी-९०९' या नावाने ते विमान इंडोनेशिया व लाओस या देशांतही पोहोचले आहे. याच देशाच्या 'कोमॅक' कंपनीचे दीडशेहून अधिक आसनांचे 'सी-९१९' हे विमान मे २०१७ मध्ये प्रथम उडाले आणि २८ मे २०२३ रोजी शांघायहून बीजिंगला प्रवाशांना घेऊन गेले. बोइंग आणि एअरबस यांच्या जगद्व्यापी मिरासदारीत वाटा मागण्याची चीनची ही आकांक्षा आहे.

तिच्या तेजाने दिपून जावे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 'सी-९१९'चे इंजिन अमेरिकी व फ्रेंच कंपन्यांच्या भागीदारीतील आहे. २०२५ च्या मध्यास अमेरिकेने त्या इंजिनांची निर्यात काही आठवडे रोखून धरली, तेव्हा या महत्त्वाकांक्षेची नाडी कोणाच्या हाती आहे, हे जगाला दिसले. युरोपीय नियामकांचे प्रमाणपत्रही २०२५ अखेरपर्यंत या विमानास मिळालेले नव्हते. सरकारी तिजोरी सढळ हाताने उघडणे आणि सरकारी विमान कंपन्यांकडून खरेदी करवून घेणे, हा मार्ग लोकशाही देशास जसाच्या तसा मानवणारा नाही. चीनपासून घ्यावयाचा धडा निराळाच आहे. तो अपयशानंतरच्या चिकाटीचा आहे.

आमच्यापाशी बुद्धी नव्हती काय? कलबुर्गीहून शंभरएक किलोमीटरवरील सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांची १९३९ साली विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी गाठ पडली. हे पॉली त्या काळी चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. त्यांचे साह्य आणि म्हैसूर संस्थानाचे पाठबळ घेऊन वालचंदांनी २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. परतंत्र देशातील एक उद्योगपती विमान बांधण्याचे स्वप्न पाहू शकला, हे विसरता येणार नाही. त्याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी शास्त्रज्ञाने 'एचटी-२' हे शिकाऊ विमान आणि पुढे 'किरण' हे जेट घडविले. बिदरच्या पथकाचे नाव 'सूर्यकिरण' पडले ते या स्वदेशी विमानावरूनच! नाव राहिले, विमान गेले.

१९६१ हे वर्ष गोमंतकीयांच्या काळजावर कोरलेले आहे. त्या वर्षी जूनमध्ये 'मारुत' हे लढाऊ विमान उडाले आणि नोव्हेंबरात कानपूरच्या कारखान्यातून 'अ‍ॅव्रो' हे प्रवासी विमान बाहेर पडले. शांघायातील 'एमडी-८२'च्या जुळणीपूर्वीची ही गोष्ट आहे. म्हणजे जवळजवळ दोन तपे आम्ही पुढे होतो! परंतु 'मारुत'ला साजेसे इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही आणि 'अ‍ॅव्रो'नंतर स्वतःचे प्रवासी विमान आम्ही घडविले नाही. 'सारस' २००४ मध्ये उडाले. २००९ च्या अपघातात तिघांचे प्राण गेले आणि प्रकल्पाची गती खुंटली. 'किरण'ची जागा घेण्यासाठी निघालेले 'सितारा' २००३ मध्ये आकाशात झेपावले. २०२५ मध्ये त्याचे 'यशस' असे नवे बारसे झाले, परंतु दोन दशके उलटूनही ते हवाई दलात रुजू झाले नव्हते. आरंभशूरता म्हणतात ती हीच.

परक्याचे विमान स्वस्तात मिळत असता स्वतःचे कशाला, असे विचारणारे व्यवहारपंडित आहेतच. स्वदेशी विमान आल्याने रिकाम्या खुर्च्या भरतील, असा भाबडा दावा आम्हीही करीत नाही. २०२३ अखेर बिदरची सेवा बंद पडली व एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. या खंडास प्रवाशांचे गणितही कारण असणारच. परंतु भाडेपट्टीने परकी विमाने आणायची, त्यांच्या सुट्या भागांसाठी परक्या चलनात दाम मोजायचे आणि वर अनुदानाची मुदत संपली की हात वर करायचे, या व्यवस्थेत लहान गावांचे आकाश नेहमी उसनेच राहणार. कलबुर्गी आणि बिदरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे तरुण दुसऱ्याच्या विमानाची देखभाल करण्यातच धन्यता मानतील, तर दोष त्यांचा नव्हे.

२०२५ च्या ऑक्टोबरात आमच्या सरकारी कारखान्याने रशियन 'एसजे-१००' विमान येथे बांधण्याच्या दृष्टीने करारमदार केला आहे. ही केवळ जुळणी ठरायची नसेल, तर तीन गोष्टी आवश्यक आहेत. स्वदेशी प्रादेशिक विमानाच्या खरेदीची निश्चित हमी सरकारने आधी द्यावी. इंजिनाच्या संशोधनास पंधरा-वीस वर्षे न तोडता पैसा पुरवावा. आणि पहिल्या अपयशावर प्रकल्पाचे श्राद्ध घालण्याची सवय सोडावी.

बिदर जिल्ह्यातील कल्याणात बसवेश्वरांनी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी कायकाचा, म्हणजे स्वतःच्या हातांनी केलेल्या श्रमाचा, महिमा सांगितला. त्याच भूमीच्या आकाशात परक्याने घडविलेली विमाने किती काळ फिरवायची, याचा निर्णय धावपट्टीच्या फिती कापणाऱ्या हातांनी आता घ्यावयाचा आहे.