किती मार्कांनी गेली?

आपल्याकडे कुणी नापास झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती मार्कांनी गेला?" दोन-तीन मार्कांनी गेला असेल तर "अरेरे, ग्रेसमध्ये बसायला हवा होता", आणि बावीस मार्कांनी गेला असेल तर विषय बदलून चहा. माझी मावसबहीण अमेरिकेतल्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेत, म्हणजे एनक्लेक्समध्ये, नापास झाली तेव्हा या प्रश्नाने आमच्या अख्ख्या खानदानाची पंचाईत केली. कारण त्या परीक्षेत मार्कच नसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला मावशीकडे आकडाच नव्हता.

ताई बी.एस्सी. नर्सिंग झालेली, सहा वर्षं नाशिकला एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. आपल्याकडे पदवी मिळाली की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि काम सुरू होतं. अमेरिकेत तसं नाही, तिथे पदवीनंतर ही परीक्षा द्यावीच लागते, मग तुम्ही तिथले असा की इथले. ताई मुंबईला जाऊन पाच तासांची ती परीक्षा देऊन आली, आणि काही दिवसांनी नापास असं कळलं.

आता ही परीक्षा चालते कशी ते आपल्यासारख्या इंजिनियरिंगवाल्यांना पटकन समजेल. ईएनटीसीवाल्यांनी सक्सेसिव्ह ॲप्रॉक्झिमेशन एडीसी आठवावा, कॉम्प्युटरवाल्यांनी बायनरी सर्च. १९९४ पासून ती कॉम्प्युटरवर असते आणि सर्वांना एकच पेपर नसतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. प्रत्येक प्रश्न मशीन असा निवडते की तो बरोबर यायची शक्यता साधारण पन्नास टक्के असावी. म्हणजे हुशार मुलीचेही जवळजवळ निम्मे चुकतात आणि कच्च्या मुलीचेही. फरक एवढाच की एकीचे अवघड प्रश्न चुकतात, दुसरीचे सोपे. ही मुलगी रेषेच्या वर आहे की खाली याची मशीनला ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०.

ताईला १५० आले. ८५ ला बंद पडलं तर पास आणि १५० पर्यंत गेलं तर नापास, अशा अफवा नर्सेसच्या ग्रुपवर भरपूर फिरतात. त्यात काही तथ्य नाही. ८५ ला थांबून नापास होणारेही असतात. १५० चा अर्थ इतकाच की शेवटपर्यंत मशीनला खात्रीने काही सांगता आलं नाही, म्हणजे ताई रेषेच्या आसपासच होती. "किती मार्कांनी गेली" याचं मिळालं तर एवढंच उत्तर मिळतं. मी ते मावशीला समजावून सांगितलं. "म्हणजे थोडक्यात गेली ना?" म्हणाली आणि तिला जरा बरं वाटलं.

पण खरा कामाचा कागद पुढे आला. नापास झालेल्याला एक रिपोर्ट मिळतो. अभ्यासक्रमाचे आठ भाग, आणि प्रत्येकापुढे तुम्ही रेषेच्या वर, जवळपास की खाली. ताई औषधांच्या भागात "जवळपास" होती. पॅरासिटामॉलला तिकडे ॲसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, असल्या भानगडींनी तिला पिडलं होतं, पण ते पाठांतराने सुटणारं होतं. "खाली" होती ती रुग्णसेवेच्या नियोजनात, म्हणजे कुणाकडे आधी जायचं, कोणतं काम कुणाला सोपवायचं. प्रश्नांत सगळ्यात मोठा वाटा याच भागाचा. सहा वर्षं आयसीयू सांभाळणारी सिस्टर नेमकी इथे कमी पडली!

तिने मला सांगितलेला एक नमुना बघा. चार पेशंट आहेत. एकाचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, दुखणं दहापैकी सात. दुसऱ्याची साखर १८०. तिसरा फुप्फुसाच्या जुनाट सीओपीडीचा, ऑक्सिजन ९० टक्के. चौथीचं थायरॉईडचं ऑपरेशन झालंय आणि श्वास घेताना आवाज येतोय. आधी कुणाकडे जाल? मी ९० टक्केवाला सांगितला, तुम्हीही बहुधा तोच सांगाल. पण सीओपीडीत ९० हा अपेक्षित आकडा आहे. जायचं चौथीकडे, कारण मानेत सूज किंवा रक्तस्राव असेल तर श्वासनलिका बंद पडायला वेळ लागत नाही. ताई म्हणते, हे मला माहीत नाही का? माहीत आहे, पण वॉर्डात ज्याचे नातेवाईक ओरडतात त्याच्याकडे आधी धावायची सवय लागलेली असते. आणि कामं सोपवण्याचं म्हणाल तर आपल्याकडे वॉर्डातल्या मामा-मावशींना काय सांगायचं आणि काय नाही हे प्रत्येक सिस्टर आपापलं ठरवते. तिकडे त्याचे नियम आहेत आणि नियम मोडला की लायसन्सवर येतं.

माझा मुद्दा इथेच आहे. नापास झालेल्या माणसाला आपण "जिद्द सोडू नकोस, अजून जोर लाव" असं सांगतो. जोर कुठे लावायचा ते कुणी सांगत नाही. ताईच्या क्लासवाल्यांनी पहिल्या व्याख्यानापासून पुन्हा सगळी बॅच कर, फीमध्ये सवलत देतो, असं सुचवलं. या परीक्षेत पुन्हा बसणाऱ्यांचं पास होण्याचं प्रमाण पहिल्यांदा बसणाऱ्यांपेक्षा बरंच कमी असतं. कारणं अनेक असतील, पण तेच पुस्तक तसंच पुन्हा वाचणं हे त्यातलं एक असणारच असं मला वाटतं. शिवाय हा खेळ फुकटचा नाही. परीक्षेची फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर द्यायची तर आणखी १५०, आणि प्रत्येक वेळी नव्याने. रुपयांत तीस हजारांच्या घरात. ताईचे पहिले पैसे पतसंस्थेच्या कर्जातून आले होते आणि तो हप्ता अजून चालू आहे.

दोन परीक्षांमध्ये निदान ४५ दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. हा नियम मला फार आवडला. ताई पहिले तीन आठवडे लग्नाकार्याला गेली नाही, स्टाफमध्ये कुणाला बोलली नाही, नाइट ड्यूटी मागून घेतली म्हणजे लोक भेटायला नकोत. तेव्हा तिला पुस्तक हातात घे म्हणणं हा छळ झाला असता. घरच्यांनी तो केला नाही, हे मावशीचं मोठेपण. मग एक दिवस तिने स्वतःच तो रिपोर्ट काढला आणि भिंतीला चिकटवला.

आता ती ड्यूटीवरून येऊन झोप काढून रोज पन्नास प्रश्न सोडवते. चुकलेल्या प्रत्येकासाठी वहीत तीन रकाने. माहीतच नव्हतं, नीट वाचलं नाही, माहीत असून क्रम चुकला. २०२३ च्या एप्रिलपासून परीक्षेत एकाच पेशंटवर सहा प्रश्नांची केस स्टडी येते, तिच्यासाठी वेगळी वही. पहिला रकाना तर जवळजवळ रिकामा आहे. तिसरा इतका भरला की तिने पानं जोडली.

आपल्या मार्कशीटवर मात्र एक आकडा आणि त्याच्यापुढे एफ. बस. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मिळते, पण ती लोक दोन मार्क कुठे वाढतील हे शोधायला काढतात. कुठल्या युनिटमध्ये गेलो हे बघायला काढलेली मी तरी पाहिली नव्हती. म्हणून या वेळी एम-थ्री राहिलेल्या आमच्या विंगमधल्या चौघांच्या फोटोकॉप्या घेऊन आम्ही बसलो आणि युनिटवार मार्क मांडले. चौघांचंही लाप्लास चांगलं होतं. व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये चौघांना मिळून सात मार्क. आणि पुढच्या अटेम्प्टची तयारी म्हणून चौघांनीही लाप्लासपासून सुरुवात केलेली होती.